उघडलं ते बंद करणारे हरिणखेडे सर

हरिणखेडे सरांच्या शेजारी बसून पाणी पिणं मोठं कठीण होतं. बाटलीचं झाकण काढून टेबलावर ठेवायचं, एक घोट घ्यायचा आणि कुणाशी दोन शब्द बोलायला वळायचं. परत बघावं तर झाकण लागलेलं, आणि तेही असं घट्ट की दोन्ही हात लावावे लागत. सर मात्र वहीत डोकं घालून बसलेले असायचे. पहिल्या महिन्यात मला वाटलं, मीच लावून विसरते. दुसऱ्या महिन्यात मी पाळत ठेवली तेव्हा सरांचा डावा हात पकडला गेला.

गोंदियाच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं सात वर्षं शिकवत होतो. सर रोज सकाळच्या गाडीनं सालेकशाहून यायचे. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक पेन्सिल आणि एक लाल पेन. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगकाठी सडपातळ, आवाज मात्र शेताच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा. शिकवायचो दोघंही एकच, वेबसाइट तयार करणं. पण आमच्या दोन वर्गांच्या मधल्या पातळ प्लायवूडच्या भिंतीच्या अलीकडे एक जग होतं आणि पलीकडे दुसरं.

माझ्या वर्गात पडद्यावर तयार चौकोन असायचे. फोटोचा चौकोन ओढून आणा, हवा तिथे सोडा, रंग नाही आवडला तर बदला. खालची सगळी लिखापढी सॉफ्टवेअर करायचं, आम्ही फक्त छान छान म्हणायचो. सरांच्या वर्गात नोटपॅड. कोरं पांढरं पान आणि त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ. पान कसं दिसायला हवं ते ओळीओळीनं आपल्या हातानं लिहायचं. ठळक अक्षर हवं तर ‘इथून ठळक’ अशी खूण टाकायची आणि शब्द संपला की ती बंद करायची खूण टाकायची. बंद करायला विसरलात तर पुढचं अख्खं पान ठळक होऊन अंगावर येतं.

“धुरा फुटला!” मग भिंतीपलीकडून सरांची आरोळी यायची. “काऊन बे, धुरा कोण बांधन? तुझा बाप येईन का?”

सरांच्या घरी धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या. बांधीत पाणी अडवायला चारी बाजूंनी मातीचा धुरा घालावा लागतो, आणि तो एका जागी फुटला तरी सगळं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत जातं. वेबसाइटचं सगळं शास्त्र सरांनी या एका गोष्टीत बसवलं होतं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ते आठवडाभर रजेवर जायचे आणि परत आले की नखांत चिखल घेऊनच खुणा तपासायचे.

नोटपॅडसुद्धा लगेच मिळायचं नाही. आधी रेघी वहीत पेन्सिलीनं अख्खं पान लिहायचं, सर ते लाल पेनानं तपासणार, मग कॉम्प्युटर. ही पद्धत जुन्या काळातली. तेव्हा क्लासात तीनच कॉम्प्युटर होते आणि वीज मनाला येईल तेव्हा जायची. पुढे कॉम्प्युटर पंधरा झाले, पण सरांची वही गेली नाही. वीज गेली की माझे तीस विद्यार्थी वहीनं वारा घेत बसायचे आणि सरांचे सहा जण त्याच वहीत लिहीत राहायचे. दर वर्षी सहाच. सातवा आला तर तो चुकून आलेला असायचा.

“सर, कायले एवढा त्रास?” मी एकदा त्यांना माझ्या पडद्याजवळ बोलावलं. “बघा, पाच मिनिटांत झालं.”

सरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. “सुंदर हाये जी मॅडम. पाच मिनिटांत झालं हे तर दिसून राहिलं. पण काय झालं, ते तुमाले मालूम हाये का?”

मला राग आला होता. चांगलाच.

बंद करण्याचं हे वेड नोटपॅडपुरतं राहिलं नव्हतं. कुणाच्या स्कूटरची डिकी उघडी दिसली की सर ती लावायचे, मग किल्ली आत का असेना. बोलताना कुणी वाक्य अर्धवट सोडलं की सर तिथेच थांबायचे. “हां, मग?” असं विचारून समोरच्याकडून वाक्य पुरं करवून घ्यायचे. आमच्या शिपायाच्या लग्नात सर जेवणाच्या टेबलांच्या कडेनं फिरत भात, वरण, भाजी सगळ्यांची झाकणं लावत गेले. मागून आलेल्या वऱ्हाडाला वाटलं, जेवण संपलं. मुलीकडच्यांची धावपळ, मुलाकडच्यांची कुजबुज, आणि सर शांतपणे हात धूत उभे, धुऊन झाल्यावर नळ दोनदा पिळत.

सरांची आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. वेबसाइटच्या फायलीत काही ओळी अशा लिहिता येतात की त्या पानावर दिसत नाहीत, फाइल उघडणाऱ्यालाच दिसतात. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला कळावं, म्हणून त्या असतात. सर त्यांना ‘मनातलं’ म्हणायचे आणि भरभरून लिहायचे. आमच्या क्लासच्या पानाच्या पोटात त्यांनी लिहिलं होतं : ‘हा निळा रंग मालकांना आवडतो. दुसऱ्या कोणालाही आवडत नाही. मालक बदलल्यास बदलावा.’

“मालकांनी वाचलं तर?” मी घाबरून विचारलं.

“कोण वाचते जी? बारा वर्षं झाले लिहून राहिलो. आजपावेतो एकानं फाइल उघडून पाहिली नाही.” हे सांगताना सर हसले. पण त्यांना ते लागलेलं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

सरांची एकुलती एक मुलगी कुंदा. सालेकशाच्या जंगलात वनरक्षक. एकदा सर डबा विसरले, तर ती मोटरसायकलवरून तो द्यायला आली. खाली गाडी लावण्यावरून दुकानदाराला दोन शब्द सुनावले, वर येऊन बापाला चार सुनावले आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली. सरांचा डावा हात झाकणाकडे सरकला. “बाबा,” ती म्हणाली, “अजून पेऊन राहिली ना मी.” हात मुकाट्यानं मागे गेला. सात वर्षांत त्या हाताला मागे जाताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

कुंदा तिशीला आली होती. तीन वर्षं समाजाच्या परिचय मेळाव्यात तिचं नाव होतं, पण स्थळ जुळत नव्हतं. जंगलात एकटी फिरणारी सून म्हटली की लोक चहा संपवून उठायचे. “मले घाई नाही,” सर म्हणायचे. “पोट्टीलेही नाही. तिच्या मायले हाये.” पण मेळावा जवळ आला की माझ्या बाटलीचं झाकण उघडंच राहायचं.

त्या वर्षी समाजाच्या समितीनं ठरवलं, यंदा स्थळांचं पुस्तक नाही, वेबसाइट. अध्यक्ष क्लासमध्ये आले. सर म्हणाले, “दोन महिने द्या.” मी म्हटलं, “चार दिवस.” काम मला मिळालं, हे सांगायला नकोच. सरांनी जाताना एवढंच म्हटलं, “कुंदाचा नंबर बरोबर टाकजा, मॅडम.”

मी एक सुरेख चौकोन केला. फोटो, नाव, शिक्षण, फोन नंबर आणि खाली ‘फोन लावा’ असं हिरवं बटण. मग त्याच्या पावणेदोनशे नकला काढल्या आणि प्रत्येकीत नाव, फोटो, नंबर बदलत गेले. वर फोटो उजळायची सोय होती, तर एका क्लिकमध्ये अख्ख्या समाजाला गोरं करून टाकलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी साइट सुरू झाली आणि अध्यक्षांनी फोनवर माझं एवढं कौतुक केलं की मी ते मुद्दाम स्पीकरवर ठेवलं, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून.

आठवड्यानं पतिरामभाऊ आले. चोरखमाऱ्याकडचे शेतकरी, यादीत पहिलं नाव त्यांच्या मुलीचं. हातात पेढ्यांचा डबा.

“मॅडम, तुमी का जादू केली जी? पूरा जिल्हा माह्या पोरीच्या मागं लागला. सकाळपासून फोन. जेवू देत नाहीत.”

“मग? जुळलं का कुठं?”

“आता घाई कायले करू? लोक ‘तुमच्याइथलं स्थळ पाहून राहिलो’ म्हणतात, मी पहिले विचारतो, बांध्या किती? पाणी कुठचं? नाही जमलं तर तोंडावर नाही म्हणतो. पन्नासेक लोकाइले नाही म्हणलं असन.” पतिरामभाऊ खुशीत होते. “काही तर येडेच हायेत. म्हणे तुमचा पोरगा दाखवा. मले पोरगाच नाही, म्हणलं, फोन ठेवा.”

सर भिंतीच्या टोकाशी येऊन उभे होते. ते माझ्या खुर्चीवर बसले, साइटची फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि पतिरामभाऊंचा नंबर शोधायला लावला. पावणेदोनशेच्या वर ठिकाणी सापडला. मी चौकोनावरचा नंबर दर वेळी बदलला होता, पण हिरव्या बटणाच्या पोटातला नंबर पहिल्या चौकोनाचाच राहिला होता. पडद्यावर सगळं चोख दिसत होतं. कुणाच्याही नावाखाली बटण दाबा, फोन पतिरामभाऊंना. माझ्या कृपेनं त्या माणसानं अख्ख्या समाजाच्या लेकरांची स्थळं आठवडाभरात परतवून लावली होती.

सरांनी पतिरामभाऊंना एकच प्रश्न विचारला.

“भाऊ, फॉरेस्टवाल्या पोरीसाठी कोणी फोन केलता का?”

“फॉरेस्टवाली? हां, एक जण होता ना. ‘तुमची मुलगी जंगलात...’ म्हणे, अना चुप. ‘मले ते चालन, म्हणजे...’ म्हणे, अना पुन्हा चुप. अर्धं अर्धं बोले. मी म्हणलं, माही पोरगी कायले जंगलात जाईन? नाही म्हणून देलं.”

“नंबर हाये का त्याचा?”

फोन जुना, बटणांचा. त्यात शेवटचे वीसच नंबर राहायचे आणि तो त्यांत नव्हता. नाव विचारलेलं नव्हतं. सरांनी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं, चारी कोपरे दाबून, आणि वर्गात निघून गेले. कुंदाचं जंगल चालेल म्हणणारा तीन वर्षांतला तो पहिला फोन होता. मला एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

समितीला सरांनी सांगितलं, यंत्रात गडबड झाली. माझं नाव घेतलं नाही आणि साइट नव्यानं लिहायला घेतली, नोटपॅडमध्ये, एकेक नाव. सगळ्या घरी फोन लावून नंबर तपासला, उंची विचारली, फोटो पुन्हा मूळ रंगावर आणले. दोन महिने लागले. साइट दिसायला अगदी साधी, पांढऱ्यावर काळी. पण जंगलातल्या गावातही, जिथे मोबाइलला जेमतेम एक दांडी येते, तिथे ती पटकन उघडायची, आणि बटण दाबलं की ज्याचा त्याचा फोन वाजायचा. मी ते मान्य केलं. मनात.

दहा-बारा दिवस बरे गेले आणि मग समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र फिरू लागलं. कुणीतरी साइटची फाइल उघडली होती, आणि सर फोन करता करता प्रत्येक नावाजवळ ‘मनातलं’ लिहून बसले होते.

‘उंची पाच फूट सात. बुटासकट.’

‘फोटो जुना असावा. मागे दिसणारं चिंचेचं झाड तोडून सहा वर्षं झाली.’

‘पगार दोनदा विचारला, दोन वेगळे सांगितले.’

‘वडील फोनवर फार ओरडतात. मनाने चांगले. फोन कानापासून दूर धरावा.’

पगारवाला निघाला अध्यक्षांचा भाचा. रविवारी सकाळी समाजभवनात बैठक बोलावली आणि मेळाव्याला कधी आली नसेल एवढी गर्दी झाली. मी मागच्या रांगेत बसले. सर पुढे, एकटे, समोर कॉम्प्युटर आणि भिंतीवर पडदा. लोक संतापलेले होते. अध्यक्षांनी दहा मिनिटं झापलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“पहिल्यांदा फाइल कोणी उघडली?”

मग आमगावची एक मुलगी उभी राहिली. “मी, सर. प्रतिभा. मी तुमच्याकडंच शिकली ना. तुमीच म्हणत होते, वरचं पाहून थांबू नका, खाली काय लिहिलं ते पाहा.”

अख्खा समाज अंगावर आलेला, नोकरीचं काय होईल ठाऊक नाही, आणि या माणसाचा चेहरा असा उजळला की माझ्या सॉफ्टवेअरलाही जमलं नसतं. “वहीत लिहून घेतलतं मी तुमच्याकडून! पाहा अध्यक्षसाहेब, माह्या पोट्टीनं पाहिलं! बारा वर्षांत कोणीतरी पाहिलं!”

“सर, खुशी कायची सांगून राहिले?” अध्यक्ष ओरडले. “पुसा ते आधी!”

सर पुसायला लागले. तर लोकांतूनच आवाज आला, आधी वाचा, मग पुसा. आपलं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकायची प्रत्येकाची तयारी होती. सर मोठ्यानं वाचत गेले आणि पुसत गेले. हळूहळू सभा हसू लागली. ओरडणारे वडील तर उभे राहून ओरडले, की मी ओरडत नाही. अध्यक्ष मात्र हसत नव्हते. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या लेकरांचं खूप झालं. तुमच्या पोरीचं काय लिहिलं, ते वाचा.”

सरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. आवाज नेहमीचाच, शेताच्या त्या टोकाला पोचणारा.

“‘उंची मोजून लिहिली आहे. फोटो उजळ केलेला नाही. मुलगी रागीट आहे, बापासारखी. खोटं बोललेलं चालत नाही. जंगलात एकटी फिरते, तिला सोबत लागत नाही. घाई मुलीला नाही, आईला आहे. बापाला अजिबात नाही.’”

हे वाचून त्यांनी ते पुसलं नाही. “हे राहू द्या,” म्हणाले.

मग प्रतिभाच पुन्हा उठली. “सर, मग तुमी आमच्या दादाले नाही काऊन म्हणलं? त्यानं तुमच्याघरी फोन केलता. तो जरा अर्धं अर्धं बोलते, पण...”

“पण काय? वाक्य पुरं कर,” सर सवयीनं म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांनी पतिरामभाऊंकडे पाहिलं. पतिरामभाऊंनी पंख्याकडे पाहिलं. मग मला उठावंच लागलं. दीडदोनशे माणसांसमोर मी सांगितलं, यंत्राची गडबड वगैरे काही नव्हती, चूक माझी होती. खाली बसले तेव्हा दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

प्रतिभाचा भाऊ आमगावला शाळेत शिक्षक. तो पुढच्याच रविवारी सालेकशाला गेला. सरांच्या सांगण्यानुसार तो पहिला अर्धा तास एकही वाक्य पुरं करू शकला नाही आणि कुंदानं त्याची सगळी वाक्यं पुरी करून दिली. दोघांनाही ते चाललं.

मी आजही ओढून आणून ठेवायचंच सॉफ्टवेअर शिकवते. त्यानं काम पटकन होतं, आणि लोकांना पटकनच हवं असतं. पण पहिला महिनाभर नोटपॅड, आणि त्याआधी रेघी वही. विद्यार्थी कुरकुर करतात. सरांनी पुढच्या वर्षी क्लास सोडला. मालकांना सहा जणांची बॅच परवडेना आणि सरांना सकाळची गाडी झेपेना. जाताना माझ्या टेबलावर लाल पेन ठेवून गेले, टोपण लावून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुंदाच्या लग्नात, धान घरी आल्यावर. जेवणाच्या टेबलांपाशी सर आधीच उभे दिसले आणि मी त्यांना थांबवायला निघाले. पण ते झाकणं काढत होते. प्रत्येक पाहुण्यासमोर, एकेक, स्वतःच्या हातानं.

बिदाईला कुंदा गाडीत बसली. रडली नाही, आईला मात्र गोळ्या वेळेवर घ्यायची तंबी दिली. नवरदेव शेजारी बसला. दार लावायचं तेवढं राहिलं होतं आणि दाराला धरून सर उभे होते. सगळे वाट बघत होते. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. सर दार धरून तसेच. आयुष्यभर दुसऱ्यांची झाकणं लावत फिरलेला माणूस, आणि त्याला एक दार लावता येईना. मला त्यांच्याकडे बघवेना.

“बाबा,” कुंदा हळूच म्हणाली, “आता बंद करा ना जी.”

सरांनी लावलं. पण इतकं हलक्या हातानं, की ते नीट लागलंच नाही. गाडी निघाली, धुऱ्याकडेच्या रस्त्यानं वळणापर्यंत गेली आणि थांबली. मागचं दार आतून उघडलं आणि धाडकन बंद झालं. आवाज आमच्यापर्यंत आला.

“रागीट हाये,” सर म्हणाले. डोळे पुसायचं भान त्यांना नव्हतं. “बापासारखी.”